सोमवारची हजेरी

धुरपताबाईला भित्री म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या गिरणीत येऊन बसावं. मी ग्यानोबा. माझ्या पिठाच्या गिरणीला लागून तिची चहाची टपरी, अन् रस्त्यापलीकडं पोलीस ठाणं. साडेतीन वर्षं मी सगळं या डोळ्यांनी पाहिलं हाय.

बाई तांड्यातली. नवरा वारल्यावर एकटीनं टपरी टाकली, पोरगी दिपाला शाळेत घातलं. जिभेची अशी तिखट, की चहा पाणचट म्हणायची हवालदाराची टाप नव्हती. तांड्यात तिच्या शेजारी पुनमचंद राहायचा. बायकोला, निताला, मारायचा. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात, भर सकाळी, त्यानं तिला पेटवलं. आरडाओरडा ऐकून धुरपताबाई गोधडी घेऊन धावली. "यानंच रॉकेल वतलं," असं निता तिच्या मांडीवर बोलली, अन् दवाखान्याची गाडी यायच्या आत गेली. ऐकणारी ही एकटीच. जबाब तिनं त्याच दिवशी दिला, ठणकावून.

चार महिन्यांनी पुनमचंदला जामीन मिळाला. तांड्यात राहायचं न्हाई, साक्षीदाराला धमकवायचं न्हाई, अन् दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायची, अशा अटी. तो सिद्धेश्वर गावाला बहिणीकडं गेला. आमी म्हणलं, बला टळली. कशाची टळती! हजेरी दिली की तो रस्ता ओलांडून हिच्याच बाकड्यावर बसायचा. सोमवार बाजाराचा दिवस, टपरी बंद ठेवली तर घर कसं चालायचं?

एक चहा घ्यायचा. लई गोड बोलायचा. "दिपा कितवीला गेली, भाबी?" "शाळा किती वाजता सुटती?" एका पावसाळ्यात म्हणला, "नाल्यावरली फरशी निसरडी झाली हाय. पोरीला जपून जायला सांगा." त्या दिवसापासून शाळा सुटायच्या टायमाला धुरपताबाई पोरीला आणायला जायची, अन् तिच्या मागं चहा मी गाळायचो.

शेवटी मीच भडकलो. तिला घेऊन सरकारी वकिलाकडं गेलो. म्हणलं, त्याचा जामीन रद्द करा, न्हाईतर बाईला संरक्षण द्या.

"धमकी काय दिली त्यानं?" वकील म्हणाले.

"पोरीला जपा म्हणला."

"मग यात धमकी कुठं आहे?"

आग लागो असल्या कायद्याला!

साक्षीचा दिवस आला तवा दिपा सातवीत व्हती. पिंजऱ्यात उभी राहून धुरपताबाई म्हणली, "मी तवा सरपणाला गेले व्हते. मला काई म्हाईत न्हाई." न्यायाधीशांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? "न्हाई साहेब." मी मागच्या बाकड्यावर व्हतो. खरं सांगतो, तिचा राग आला न्हाई, रडूच आलं.

बाहेर व्हरांड्यात निताची आई आडवी आली. म्हातारीनं शिवी दिली न्हाई का शाप दिला न्हाई. एवढंच विचारलं, "बाई, माझ्या लेकराला मरताना पाणी पाजलं म्हणून तुमीच मला सांगितलं व्हतं. आता तुमी तिथं नव्हत्याच म्हणता. मग माझी निता तहानलेलीच गेली का?"

धुरपताबाईनं तिचे दोन्ही हात धरले. "न्हाई वो माय, पाजलं. माझ्या मांडीवर, माझ्या हातानं पाजलं."

पुनमचंद चार पावलांवर उभा व्हता. त्यानं ऐकलं, आमच्याकडं पाहिलं, अन् आपल्या वकिलाशी हसून बोलत राहिला.