सदूकाकांनी राखून ठेवलेला समुद्र

रत्नागिरी बघायला आलेल्या माणसाला सदूकाका रत्नागिरी पूर्ण कधीच दाखवत नसत. एक जागा हटकून शिल्लक ठेवत.

आमच्या आळीत तेव्हा मे महिन्यात घरोघरी मुंबई-पुण्याचे पाहुणे उतरत. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत लॉज परवडणारे पाहुणेसुद्धा नातेवाइकांकडेच येत. आंबे उतरवायचे, फणसाच्या पोळ्या वाळत घालायच्या, यात पाहुण्यांना फिरवणार कोण? म्हणून सकाळचा चहा झाला की त्यांना सदूकाकांच्या ओसरीवर पोचतं करायचं, अशी सोय आळीने परस्पर लावून टाकली होती. काका नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. काकू कधीच गेलेल्या, एकुलता अरविंद नागपूरला नोकरीला. काका छत्री घेऊन निघत, पाहुणे मोजून नेत आणि संध्याकाळी मोजून परत करत.

भगवतीचा किल्ला, थिबा राजवाडा, गणपतीपुळे सगळं रीतसर होई. मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावात ते शाकाहारी पाहुण्यांनाही उभे करत. "नाक धरलंत तरी चालेल, डोळे मिटू नका," एवढीच अट. पण शेवटच्या दिवशी काहीतरी राहायचंच. आमच्याकडे आलेले पुण्याचे एक गृहस्थ त्यावरून चांगलेच तापले.

"अहो, दीपगृह राहिलं आमचं!"

"राहू दे. ते कुठे जातंय?" काका शांतपणे म्हणाले. "जाताय ते तुम्ही."

गृहस्थ पुढच्या वर्षी दीपगृहासाठी आले आणि आमच्याकडे आठ दिवस राहिले. आईने काकांशी महिनाभर बोलणं टाकलं.

मी एकदा विचारलं, हे असं का? काका म्हणाले, "सगळं बघितलंन की माणूस परत कशाला येतोय? आमच्या अरविंदाला मी लहानपणीच सगळं दाखवून टाकलं. चुकलंच माझं."

अरविंद तेव्हा वर्षानुवर्षं येत नसे.

मग अरविंदने नागपूरची मुलगी केली. सुनंदावहिनींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर दोघं चार दिवसांसाठी आली, तीही घाटावरून, रात्रीच्या एसटीने. काकांनी सुनेला रत्नागिरी दाखवायला घेतली आणि तीतून समुद्र तेवढा वगळला.

हे काम सोपं नव्हतं. चढाला लागलं की इथे समोर पाणी दिसतं. काकांनी सुनेला बाजारातून नेली, देवळं दाखवली, राजवाडा दाखवला तोही समोरून; मागच्या अंगाला जाऊ दिलं नाही. तिने विचारलं, "बाबा, हा वास कसला येतो?"

"कसला म्हणजे? रत्नागिरीचा."

निघताना अरविंद चिडलाच. "बाबा, रत्नागिरीला जाऊन समुद्र पाहिला नाही म्हटलं तर लोक हसतील हो!"

"हसू देत. दिवाळीला या, दाखवतो."

एसटी सुटेपर्यंत काकांचं तोंड उतरलेलं होतं. आपला डाव अंगाशी येतोय की काय, अशी धास्ती त्यांना वाटत असावी. मलाही वाटत होती.

दिवाळीला दोघं आली. काकांनी सुनेला संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर नेऊन उभी केली. "अगंबाई! एवढा मोठा?" वहिनी म्हणाल्या. काकांचा चेहरा असा फुलला, की या समुद्राला नळजोडणी जणू त्यांनीच मंजूर करून दिली होती. त्यानंतर दर वर्षी काहीतरी राहत गेलं आणि दोघं येत राहिली. शेवटी फक्त पूर्णगडचा किल्ला उरला. तो दाखवायच्या आधी काका गेले.

तेराव्याला अरविंदने घर विकायची गोष्ट काढली. मी वहिनींना म्हटलं, "पूर्णगड राहिला तुमचा. उद्या दाखवून आणू?"

"नको, भाऊजी." त्या ओसरीवर काकांची छत्री गुंडाळत होत्या. "समुद्र मी पहिल्याच खेपेला पाहिला होता. पहाटे हे दोघं झोपले होते, तेव्हा त्या वासामागे चालत गेले. पाण्यात पायही भिजवले."

"काकांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगणार? त्यांनी किती जपून ठेवला होता तो माझ्यासाठी." मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "यांना सांगितलंय, माझा पूर्णगड झाल्याशिवाय घर विकायचं नाही."

त्याला आता बरीच वर्षं झाली. वहिनी दर मे महिन्यात येतात, घर उघडतात, ओसरी झाडून घेतात. पूर्णगडाची एसटी आमच्या आळीच्या तोंडाशीच थांबते. तीत बसून भाजी आणायला बाजारापर्यंत जातात आणि उतरतात.