जिनातला बाजार

"सरक जरासी. जिननी जागा शे, कोना बापनी नही." पदराचा शेव कमरेला खोचत मावशी हे असं म्हणायची, की समोरचा सरकायचाच. मीही सरकलोय, आणि मी तर गिऱ्हाईक होतो.

शहाद्याकडच्या आमच्या गावातलं कापसाचं जुनं जीन एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर बंद पडलं. सरकी काढायची यंत्रं विकली गेली, त्यांचे दगडी ओटे तेवढे राहिले. यंत्रांवर बसणाऱ्या बाया रस्त्याकडेला भाजी-मिरची विकू लागल्या. वैशाखात त्यांतली एक म्हातारी भोवळ येऊन पडली, तेव्हा मावशीनं (सगळं गाव तिला मावशीच म्हणे) जिनाचं फाटक ढकललं आणि सगळ्यांना सावलीत नेलं. जागेवरून भांडण झालं नाही. जी ज्या यंत्रावर बसायची, तो ओटा तिचा.

माझं नवीन लग्न झालेलं, त्यामुळे पिशवी घेऊन मीच जायचो. आढ्याला वर्षानुवर्षांचा कापूस चिकटलेला. वारा सुटला की तो भाजीवर उतरे.

"मावशी, मेथीत कापूस आहे."

"मंग गादी भर. तशीबी तुले भाजी निवडता येत नही."

हे मी घरी सांगितलं नाही. मावशीनंच जाऊन सांगितलं.

जिनाची एक सवय मात्र बायांच्या अंगात मुरली होती. पूर्वी काम सुटलं की फाटकाशी झडती व्हायची. कापूस चोरला नाही हे दाखवायला प्रत्येकीनं पदर झटकायचा. आता तिथे कोणी नसे. तरी बाजार उठला की एकेक बाई फाटकाशी थांबायची, पदर झटकायची आणि मगच बाहेर पडायची. तुम्ही पाहिलं असतं तर आधी हसला असतात. मीही आधी हसलो होतो.

मग मालकानं जागा तंबाखूच्या गोदामाला द्यायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी त्याचा दिवाणजी कुलूप घेऊन आला.

"चला, बाहेर व्हा सगळ्या."

बाया उठल्या. पहिलीनं त्याच्यासमोर सवयीनं पदर झटकला. मावशी भांडायला लागली की चार गल्ल्या ऐकत. त्या दिवशी ती अगदी हळू बोलली.

"पदर काबर झटकस, माय? काय चोरं आपन?"

ती बाई वळली आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसली. तिच्यामागे बाकीच्याही.

"लाव कुलूप, दिवाणजी. आम्ही मझारच शेतस."

त्यानं खरंच लावलं. आत मीही अडकलो, हातात दुधीभोपळा. गावानं फाटकाच्या गजांतून खरेदी सुरू केली आणि माल पोचवायचं काम बायांनी मला लावलं. ऊन कललं तेव्हा दिवाणजीची बायकोच पिशवी घेऊन आली. "पाव्हणे आलेत, मिरची द्या," म्हणाली. नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं कुलूप निघालं. पुढे ग्रामपंचायतीनं ती जागा रीतसर बाजारासाठी घेतली. पदर मात्र त्या दिवसापासून कोणी झटकला नाही.

मावशी गेली तीही बाजाराच्या दिवशी. गावात मयत झाली की दुकानं बंद ठेवायची रीत. पण तिनं आधीच बजावलं होतं, "मी मरनी तरी फाटक लावू नका. एकदाव लावं, का लोकेसले सवय लागस."

तिरडी जिनावरून निघाली. आम्ही खांदेकरी फाटकाशी रेंगाळलो. आत ओट्यांवर सगळ्या बसलेल्या. एकही उठली नाही. मग कोणीतरी मिरचीचा भाव पुकारला, नेहमीपेक्षा मोठ्यानं. पलीकडच्या ओट्यावरून दुसरीनं वांग्यांचा पुकारला, आणि आम्ही चालू लागलो.