मालनबाईंची फरशी

मालनबाई,

तुम्हाला लिहायला बसलं की आधी रागच येतो, म्हणून मायना सोडून देते. देवासच्या त्या कॉलनीत भिंतीला भिंत लावून आपण इतकी वर्षं राहिलो, पण “मला भीती वाटते” हे तुम्ही एकदाही सरळ म्हणाला नाहीत. म्हणायचात, “आज पाय जड झालेत.” म्हणायचात, “पाणी नीट तापलं नाही, उद्या न्हाईन.” मी कॉलेजात मुलींना तर्कशास्त्र शिकवत होते. रोज नवं कारण सांगणारा माणूस खरं कारण लपवतो, एवढं मला कळत होतं.

खरं कारण कळलं ते धारहून परतताना, इंदूरच्या स्टँडवर देवासच्या बसची वाट बघत बसलो होतो तेव्हा. तुमच्या सासूबाई धारच्या घरी न्हाणीत घसरल्या होत्या. खुबा मोडला, आणि त्या पुन्हा उठल्याच नाहीत. त्यांचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, सगळं तुमच्याकडे, आणि तुम्ही घरात नव्या. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, “मालन, डोळे मीट आणि धू.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय, मी मिटायची.” एवढं बोलून तुम्ही उठलात आणि शेंगदाणे घेऊन आलात.

मरणाला तुम्ही भीत नव्हतात. सुनेने डोळे मिटून आपल्याला धुवावं, याला भीत होतात.

एक्याऐंशी साली तुमच्या मुलाला, मार्तंडला, कारखान्यात बढती मिळाली आणि त्याने घर सुधारायला काढलं. साहेबाच्या बंगल्यात त्याने कुठे तरी चकचकीत बाथरूम पाहिलं होतं. तुमच्या सुनेने, अलकाने, नमुन्याची एक टाइल आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. पांढरी, कडेला निळी फुलं. तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत आणि बोट पदराला पुसलंत. न्हाणी अजून जुनीच होती, तरी दुसऱ्या दिवशी तुम्ही न्हालाच नाहीत, आणि न्हाल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही हा तुमचा नेम, म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून राहिलात. असं एक दिवसाआड व्हायला लागलं. अलका बिचारी माझ्याकडे आली. “काकू, आईंचं माझ्यावर काही बिनसलंय का?”

मी मार्तंडला सांगितलं, फरशी तुझी आई निवडणार.

“काकू, आईला काय कळतंय टाइल्समधलं?”

“आणि तुला रे काय कळतं? तू दोन तांबे ओतून पळतोस. भिंतींना फुलं लाव, मोर लाव, काय वाट्टेल ते लाव. जमीन तिची.”

उज्जैन रोडवरच्या दगडांच्या दुकानात तुम्ही पिशवीतून तिळाच्या तेलाची बाटली काढलीत तेव्हा मीही चकित झाले. प्रत्येक नमुना जमिनीवर ठेवायला लावून त्यावर तेल, तेलावर पाणी, आणि मग माझा खांदा धरून अनवाणी पाय.

“अम्माजी,” दुकानदार म्हणाला, “पत्थर खरीदना है कि मालिश करनी है?”

“नहाएगा कौन, भिया? तुम कि मैं?”

आजूबाजूचे हसले. तुम्ही हसत नव्हतात. तुमची नखं माझ्या खांद्यात रुतली होती. पांढऱ्या टाइलवर भार द्यायच्या आतच पाय सटकला. तुम्ही मटकन खाली बसलात, ओठ पांढरे. मोझेकवर तेच, पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर तेच. मी म्हटलं, पुरे, घरी चला. तुम्ही ऐकलं नाहीत. मागच्या अंगणात खाणीतून आल्या तशा खरबरीत लाद्या रचून ठेवल्या होत्या. त्यावर तेल ओतलंत, उभ्या राहिलात, एक पाय उचललात. मग माझा खांदा सोडलात.

तीच फरशी आली, तीच बसली. पुढे जे झालं ते उमाशंकर ठेकेदाराच्या चांगुलपणामुळे. बैठकीच्या खोलीत नवं मोझेक घातलं होतं, ते घासून चकचकीत करायला, म्हणजे घिसाईला, मशीन आलं होतं. त्या दिवशी आपण दोघी टेकडीवर देवीला गेलो होतो. परत येतो तो उमाशंकर दारात उभा.

“माताजी, बाथरूम की घिसाई अपनी तरफ से कर दी. पैसा नहीं लगेगा. अंदर जाके देखो, शकल दिखेगी.”

दिसत होती. तुम्ही वाकून पाहिलंत आणि दाराची चौकट धरलीत. मार्तंड मागून म्हणाला, “काय आई, झकास ना?” आणि तुम्ही म्हणालात, “छान झालं हो.” मी तोंड उघडलं तसा तुम्ही माझा हात दाबलात. नंतर म्हणालात, “उखडायचं नाही, कुसुमताई. पोरगा हौसेने करतोय. म्हातारी रोज रोज खोड काढते म्हणायला नको.” एका भीतीवर ही दुसरी बसवून ठेवलीत.

तेव्हापासून तुम्ही बसल्या बसल्या सरकत नळापर्यंत जायचात. दाराला कडी लावायची नाही. आणि स्तोत्र मोठ्याने म्हणायचात, घरभर ऐकू जाईल असं. अलकाला वाटायचं, वयाबरोबर भक्ती वाढली. मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मधेच श्वास घ्यायला थांबलात की माझ्या हातातला कप तिथेच थांबायचा. सूर पुन्हा लागला की मी चहा प्यायची.

नरकचतुर्दशीला पहाटे स्तोत्र चालू असताना धप्प आवाज झाला आणि स्तोत्र बंद पडलं. मी तशीच अनवाणी धावले. बाथरूमच्या दारात तुमची नातवंडं रडत उभी, आत उटण्याचा वास, आणि तुम्ही पाटावर, अंगाला तेल, डोळे फाटलेले. खाली अलका पडली होती. तुमच्या पाठीला तेल लावून ऊन पाणी घ्यायला वळली, तेवढंच. पाय वाकडा झाला होता. मार्तंड तिला उचलायला आत धावला तर तोही घसरला, गुडघ्यावर.

अलकाच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. आता तिला न्हाऊ कोण घालणार? बाई ठेवू, मार्तंड म्हणाला. तुम्ही बदनावरहून सोयाबीन भरून आलेलं पोतं उसवलंत, भिजवलंत आणि त्या आरशासारख्या फरशीवर पसरलंत. तिला स्टुलावर बसवलंत. मी प्लास्टरचा पाय धरून उभी होते, म्हणून सांगते, तुम्ही पायांची बोटं पोत्यात रुतवून उभ्या होतात.

“आई, मला लाज वाटते,” अलका म्हणाली.

“तू डोळे मीट. मी उघडे ठेवते. बघितल्याशिवाय धुता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.”

मार्तंड माझ्याकडे आला, मान खाली. “काकू, आई आधी बोलली का नाही?”

“तुला विचारायला काय झालं होतं?”

फरशी पुन्हा उकरायची तर भिंतींच्या टाइल्सही निघाल्या असत्या. मी म्हटलं, पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की टाकी लावतात, तशी ही छिन्नीने टोचून खरबरीत करून घेऊ, दगडच तर आहे. टाकी लावणारी एक बाई टेकडीच्या पायथ्याशी मंगळवारी बसायची. आपण दोघींनी जाऊन तिला घरी आणायचं ठरलं. आधी अलकाचं प्लास्टर निघू दे म्हणालात. मग संक्रांत होऊ दे. मग म्हणालात, छिन्नीचा आवाज मार्तंड घरी नसताना व्हायला हवा, त्याला ऐकवणार नाही. मी चिडले, तुम्ही शेंगदाणे पुढे केलेत.

पोती कुजली, नवी आली. तुम्ही तापाने गेलात त्या दिवशीही सकाळी पोत्यावरून, आपल्या पायांनी, न्हाऊन आला होतात. पण टाकीवालीकडे आपण काही गेलो नाही.