हापशावरची नावं

कंधारच्या स्टँडवर आईनं माझ्या हातात पितळी कळशी दिली, ती अशा थाटात की उदगीरच्या गाडीतले निम्मे लोक खिडकीतून बघू लागले. शाळेतल्या नेमणुकीचा कागद माझ्या पिशवीत होता, पण आईचा भरवसा कळशीवर. भांड्यावर नाव घालायचं तर ते बापाचं, नाहीतर नवऱ्याचं, अशी आमच्याकडची रीत. आईनं टिंबाटिंबांनी माझंच घालून घेतलं होतं: सुमन, आणि त्याखाली कंधार. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. "बराबर हाय न्हवं? फसवलं न्हाई ना त्यानं मला?" गाडी हलेपर्यंत तिनं हे चार वेळा विचारलं. रडायचं दोघींच्याही लक्षातून गेलं.

कंधारला मागं राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं मी फार लांब गेले. गेले ती शेजारच्या जिल्ह्यात, उदगीरकडच्या एका गावात. जिल्हा मात्र नवा कोरा. शाळेच्या कागदांवर जुन्याच जिल्ह्याचा शिक्का होता; तो लाल शाईनं खोडून आम्ही वर 'लातूर' लिहायचो. पाऊस जुन्यातही नव्हता आणि नव्यातही.

माझ्या पहिलीच्या वर्गात कुणाच्या घरी कानडी, कुणाच्या घरी दखनी, आणि बंजारा तांड्यावरच्या पोरांची गोरमाटी. पुस्तकात फुलबाग होती. मी "फुलबाग" म्हणाले की तिन्ही भाषांत शांतता पसरायची. तीही ऐकायला फार कुणी नसे. पोरं हापशावर असत. हापसा दोन घागरी देऊन दम खायचा, म्हणून माणसांऐवजी भांडीच रांगेत ठेवत आणि राखायला पोरं बसवत. आमच्या बौद्ध वस्तीची आणि तांड्याची भांडी शेवटाला. माझी कळशीही तिथंच.

तांड्यावरची कमळी रोज तिच्याशेजारी बसायची. महिनाभर गैरहजर, म्हणून मोठे गुरुजी शनिवारी तिचं नाव पटावरून काढणार होते. तिचं बोट मात्र कळशीच्या टिंबांवरून फिरत असायचं.

"बाई, हे काय हाय?"

"माझं नाव."

"मग माझं कुठं हाय?"

मी तिच्या घागरीवर खडूनं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्गच हापशावर नेला. ज्याच्या त्याच्या भांड्यावर नाव, एका नावाला एक भांडं, रांगेचं भांडण मिटलं! मी स्वतःवर फार खूश होते. नवखी होते, घरोघरच्या बायांनी सांगितली ती नावं लिहून दिली. सरपंचांच्या सूनबाईंनी पाच सांगितली. मी पाच लिहिली, तीही सुबक अक्षरात.

शुक्रवारी सकाळी बोंब उठली. कमळीनं सूनबाईंच्या घागरीवरचं 'बळवंतराव' पुसून तिथं 'कमळी' लिहिलं होतं.

सूनबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "बाई, चोऱ्या करायला शिकवायलात का पोरायला?"

मोठे गुरुजी धोतराचा सोगा सावरत आले. "शनिवार कशाला, आजच काढतो नाव."

माझीही नोकरी कच्ची होती. तरी आवाज नाटकातल्या राणीचा काढला. "कमळे, का पुसलंस गं?"

"ह्यो सरपंचाचा म्हातारा मेला की, बाई! पोळ्याच्या आधी मेला. मेल्यावर पाणी कशाला?"

आख्खा हापसा हसला. सूनबाई पदराआडून म्हणाल्या, "त्यांच्या नावानं ठिवतो आम्ही."

"ठिवा की. पर त्यांनी येऊन हापसावं," वस्तीतली एक म्हातारी बोलली.

गुरुजींनी हसू गिळलं आणि कमळीला विचारलं, "तुला कसं कळलं गं, तिथं बळवंतराव लिहिलंय?"

"वाचलं."

त्यांनी तिला रांगेच्या टोकापासून चालायला लावलं. ती एकेक नाव अडखळत, मोठ्यानं वाचत आली. कळशीपाशी मात्र अडखळली नाही. गुरुजी पट काखेत मारून परत गेले. पटावरचं नाव राहिलं. बळवंतरावांची घागर घरी गेली आणि त्यांच्या जागेवर कमळीची आली.

पुढे माझी बदली लातूर शहरात झाली. निघायच्या दिवशी कमळीनं कळशी राखेनं घासून आणून दिली. 'कंधार'च्या खाली तिनं खडूनं लिहिलं होतं: तांडा.

आता माझ्या घरी नळ आहे, तोही लातूरचा, म्हणजे मर्जीचा. कंधारला गेले की सगळे आधी विचारतात, "कवा जाणार?" तांड्यावर गेले की विचारतात, "कळशी आणली का?"

खडू टिकणार नव्हता. म्हणून लातूरला आल्या आल्याच कळशी भांडेबाजारात नेली. नाव घालणाऱ्यानं चष्मा वर केला. "दोन गावं कशी, ताई? मानसाचं गाव एकच आसतंय."

"घाल बाबा," मी म्हटलं. "जागा हाय."