मागच्या गाडीतले अय्यूबभाई

सायकलचं चुकीचं जादा चाक जीपमध्ये चढवलं ते अय्यूबभाईंनीच, स्वतःच्या हातानं, बिस्मिल्ला म्हणून. त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. भाचा फरहान होता, पण त्यानं नारपोलीतून निघतानाच विचारलं होतं, "मामू, चाक बघून घेतलं ना?"

"तू स्टेअरिंग बघ. चाकं मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

ते खरंही होतं. पोरवयात अय्यूब लूमच्या कारखान्यात बापाचा डबा सायकलनं पोचवायचा. डबा पोचला तरी रस्सा गरम असायचा, ही त्याची पहिली कीर्ती. त्या कीर्तीवर पुढे एका कंपनीच्या पगारी टीममध्ये लागला आणि नऊ वर्षं देशभर सायकल शर्यती मारल्या. जिंकली एकही नाही. जिंकणं त्याच्या कामातच नव्हतं. टीमच्या लीडरच्या पुढं राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचा, त्याला पाणी आणून द्यायचं, त्याचं चाक फुटलं तर आपलं काढून द्यायचं, ही त्याची ड्युटी. असंच एकदा नाशिकजवळ दिलं. लीडर जिंकला, त्याला रेल्वेत नोकरी लागली. अय्यूब फुटकं चाक मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसला होता, हे टीमच्या गाडीला आठवलं तेव्हा दिवस कलला होता. हा किस्सा अय्यूबभाई लग्नाकार्यात असा रंगवून सांगत की मांडव हसे. फक्त त्यांची बायको हबीबा पानात बघून जेवत राही.

गुडघा गेला तसे ते नारपोलीला परतले आणि टीम काढली. टीम म्हणजे दोन पोरी, दिघाशीची सुवर्णा आणि गणेशपुरीपलीकडच्या पाड्यावरची ठकी. एका गोदामवाल्यानं दोन नव्या सायकली दिल्या आणि जीपच्या दारावर 'टीम डायरेक्टर' असं रंगवूनही दिलं. पहिल्याच दिवशी भाईंनी बजावलं, "आपल्याकडं कुणी कुणाला चाक देणार नाही. जादा चाक जीपमध्ये असेल. ते माझं काम."

आज निवड शर्यत होती. पहिल्या तिघी राज्याच्या टीममध्ये जाणार. ठकी पुढच्या घोळक्यात होती आणि वज्रेश्वरीच्या अलीकडच्या चढावर तिचं मागचं चाक फुटलं. भाई गुडघा विसरून जीपमधून उतरले.

"भाई, ह्ये बसत न्हाय," ठकी म्हणाली.

"बसेल. दाब."

"दाबून काय व्हईल? याला डिस्क कुठं हाय?"

नव्या सायकलींना डिस्कचा ब्रेक होता. भाईंनी आणलं होतं ते त्यांचं स्वतःचं जुनं चाक. इतकी वर्षं दाराजवळच्या खुंटीवरून तेच उचलायची हाताला सवय. हात गेला, डोळे गेलेच नाहीत.

तेवढ्यात मागून सुवर्णा आली. ती फार मागे नव्हती. उतारावर तिला कुणी गाठत नसे आणि उतार अजून यायचा होता. तिनं एक पाय टेकवला. "काय झालं?"

फरहान उगाच आरसा पुसायला लागला.

"सांगा की भाई. न्हायतर मी चालले."

अय्यूबभाईंनी ठकीकडं बघितलं, हातातल्या चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, "सुवर्णा, उतर."

"तुम्हीच बोलला होता ना, कुणी कुणाला..."

"हो."

"बरं," म्हणून ती उतरली. चाक तिनंच काढलं आणि ठकीच्या सायकलला बसवलं. ठकी मागे न बघता सुटली. तसं भाईंनीच शिकवलं होतं.

सुवर्णाला मागच्या सीटवर घेऊन जीप निघाली आणि वळणावर एका कंटेनरमागे अडकली. चालक शांतपणे गोदामाच्या फाटकात कंटेनर मागे घेत होता. पुढे ठकीचं काय चाललंय ते दिसेना. भाई खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडले, "ठकी, गियर हलका कर!" ऐकलं ते कंटेनरच्या क्लीनरनं. त्यानं हात केला. भाईंचा दुखरा पाय जीपच्या तळाचा पत्रा दाबत होता.

"मामू, तुमच्याकडं पेडल नाही," फरहान म्हणाला. सुवर्णा हसली आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली.

ठकी तिसरी आली. शेवटच्या रेषेपाशी ती सुवर्णाच्या गळ्यात पडली. "आधी माझं चाक दे," सुवर्णा म्हणाली. सगळे हसले. भाईंना हसता येईना.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "सुवर्णा, भिवंडीला चल. फालुदा पाजतो."

"दोन घेईन."

"दोन घे."

पण दिघाशीच्या फाट्यावर ती उतरली. घरी पाहुणे येणार होते म्हणे.

ठकी राज्याच्या शिबिराला गेली त्याच आठवड्यात सुवर्णा सायकल परत करायला आली. तिला गोदामात पॅकिंगची ड्युटी लागली होती. "राग न्हाय भाई. घरचे बोलले, झालं ना सायकलचं आता."

थांब म्हणायला भाईंना तोंड नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "फालुद्याला कधी येतेस?"

"शिफ्ट सुटली का येते."

अजून आली नाही. फालुद्याच्या दुकानावरून जाताना फरहान गाडी हळू करतो आणि मामूंकडं बघतो.

"पुढं घे," अय्यूबभाई म्हणतात.