मामांचा रिकनेक्शन मेमो

जगातली प्रत्येक चालू वस्तू ही बिघडण्याच्या वाटेवर असलेली वस्तू आहे, आणि ती नेमकी आपली पाठ वळली की बिघडणार आहे, यावर माझ्या बायकोच्या मामांइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लोकांची देवावर असते तशीच ती. फरक एवढाच की मामांना रोज प्रचीती येते. नोकरीभर ते भुसावळला रेल्वेत सिग्नल दुरुस्तीवर होते. बिघाड झाला तर सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे, हे त्या कामाचं पहिलं तत्त्व. मामा निवृत्त झाले, तत्त्व झालं नाही. घराबाहेर पडताना ते गॅसपाशी उभे राहून "बर्नर दोन, बंद" असं मोठ्याने म्हणतात आणि मामींनी "दोन, बंद" असं परत म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नाहीत. एकदा मामी रुसल्या होत्या, म्हणून रावेरच्या एका लग्नाला आम्ही सगळे अक्षता पडून गेल्यावर पोचलो.

पण या किरकोळ भीती झाल्या. मामांची खरी भीती एकच आहे आणि ती ते लपवत नाहीत: आपण विसरू लागू. त्यांचे थोरले भाऊ, शिंदखेड्याचे आबा, तसेच गेले. आबा माणसांची नावं विसरले होते तरी घरात बिनचूक वावरत. डोळे मिटून माठाकडे जात, टोपी तिच्याच खुंटीवर ठेवत. मग मुलांनी हौसेने घर नवं केलं. मोरी पूर्वेची पश्चिमेला गेली, माठाच्या जागी फ्रीज आला, खुंटी गेली ती गेलीच. आठवड्याभरात आबा स्वतःच्याच घरात "आमनं घर कोठे शे?" असं विचारत फिरू लागले. त्यांच्या तेराव्याहून परतताना मामा मला म्हणाले, "आबाची आठवण डोक्यात नव्हतीच, जावईबापू. भिंतीत होती. पोरांनी भिंत पाडली."

मामांच्या कॉम्प्युटरचं प्रकरण इथून सुरू होतं. दुकानदाराने घालून दिलेली सिस्टीम एका सकाळी, मामा कसलासा अर्ज भरत असताना, आपणहून बंद झाली, अर्धा तास स्वतःची सुधारणा करून घेतली आणि नव्या चेहऱ्याने उगवली. बटणं जागा बदलून बसली होती. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. "मेमो न देता गिअर उघडला?" गिअरला, म्हणजे सिग्नलच्या यंत्राच्या पेटीला, स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागतो: अमुक यंत्र अमुक वाजता बंद करतो आहे, सही करा. काम झालं, तपासून पाहिलं, की रिकनेक्शन मेमो. या कागदांशिवाय पेटीला हात लावणारा माणूस मामांच्या लेखी खुनी असतो.

म्हणून दुकानदाराच्या सिस्टीमच्या जागी लिनक्स आलं. ते फुकट असतं याचं मामांना कौतुक नव्हतं; फुकट वस्तूचा तर त्यांना जास्तच संशय. आवडलं ते हे, की त्याचं झाकण उघडतं आणि आतलं वायरिंग कुणालाही बघता येतं. "तुम्हाला वाचता येतं का?" मी विचारलं. "नाही. पण ज्याला येतं त्याला कुणी अडवत नाही. बंद पेटीवर मी सही करत नसतो." आता लिनक्सचेही पंथ आहेत, आणि प्रत्येक पंथाचे लोक इतरांकडे करुणेने बघतात. आमच्या जळगावच्या कॉलेजात संगणक शिकवणारे एक प्राध्यापक आहेत. त्यांच्या पंथात रोज काहीतरी नवं येतं आणि ते त्याची बातमी घरात बाळ झाल्यासारखी सांगतात. मामांनी पाच पंथ तपासले. एक देखणं म्हणून बाद केलं, कारण देखण्या वस्तूला लोक उगाच हात लावतात. एक दर सहा महिन्यांनी कूस बदलतं म्हणून. शेवटी थांबले डेबियनवर, कारण ते दोन-दोन वर्षं जागचं हलत नाही. प्राध्यापक हसून म्हणाले, "काका, त्यात सगळं जुनं असतं हो."

"जुनं म्हणजे ज्याचे अपघात होऊन गेलेत," मामा म्हणाले. "तुमच्या नव्याचे व्हायचेत."

मग त्यांनी स्क्रीनच्या कडेला, प्रत्येक बटणाच्या रोखाने, कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. सिग्नलच्या वायरींना लावतात तशा. आबांची खुंटी मामांनी स्वतःसाठी अशी ठोकून ठेवली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आवृत्तीची मुदत संपत आली. नवी घातली नाही तर चोर शिरतील. घातली आणि मोरी पश्चिमेला गेली तर? मामांचा चहा कपात अर्धा राहू लागला. शेवटी फोन आला. "रविवारी दहाला या. स्टेशन मास्तर लागेल."

मी पोचलो तेव्हा टेबलावर कार्बन घालून मेमो तयार होता. मी सही केली. मामी दारात उभ्या होत्या. "जावईबापू, हाई डबडं बंद कराले इतला कागद कसाले लागस? यासनी लगीन करं तवय मन्हा बापले बी मेमो नही दिधा!"

मामा हसले नाहीत. प्रत्येक आज्ञा टाइप करून ते मोठ्याने वाचायचे, मी परत म्हणायचो, मगच एंटर. तासाभराने स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली. एक मिनिट. चार मिनिटं. मामांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"लाल नाही झाला," ते पुटपुटले. "काळा झाला. काळ्याला नियम नाही."

मग चित्र उमटलं. सगळं जागच्या जागी. मी श्वास सोडला. मामा मात्र बघतच राहिले.

"मेनू इथे नव्हता," ते म्हणाले. "वर होता. उजवीकडे."

मेनू खाली डावीकडे होता. पहिल्या दिवसापासून तिथेच होता. त्याच्या अगदी खाली, स्क्रीनच्या कडेवर, मामांच्याच अक्षरातली पिवळी पडलेली पट्टी होती: मेनू. मी ती पाहिली, मामींनीही पाहिली. मामींनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"हलवला असेल त्यांनी," मी म्हणालो. आयुष्यभर वर्गात पोरांच्या थापा पकडण्यात धन्यता मानलेल्या मास्तराने मारलेली ही थाप फारच दुबळी होती. "नव्या आवृत्तीत करतात असं."

"हं," मामा म्हणाले. ते रिकनेक्शन मेमो लिहायला बसले. एवढ्याशा कागदाला बराच वेळ लागला. त्यांनी पुढे केला, मी सही केली.

"न वाचता?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं तुम्ही मास्तरकीच केलीत, स्टेशनची नाही." माझी प्रत त्यांनी घडी करून माझ्या खिशात घातली.

जळगावच्या गाडीत मी ती उघडली. सर्व गिअर तपासले, बरोबर. खाली शेरा होता: "मेनू पूर्वीच्याच जागी. पट्टीवरून खात्री केली. दोष सिस्टीमचा नाही. स्टेशन मास्तर खोटं बोलले, हेतू चांगला. पुढे असं करू नये. तपासणी दर रविवारी."

आता दर रविवारी दहाला त्यांचा फोन येतो. निरोप पोचल्याची खूण म्हणून गेटमन आणि स्टेशन मास्तर फोनवर एकमेकांना देतात तसा मी त्यांना एक दोन अंकी आकडा देतो आणि वहीत लिहून ठेवतो. पुढच्या रविवारी त्यांनी तो सांगायचा. कितीतरी रविवार ते बिनचूक सांगत आले. आकडा विचारल्यावर तो येईपर्यंतच्या क्षणात मी स्वतः किती घाबरतो, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

परवा त्यांनी सत्तेचाळीस सांगितला. वहीत चौऱ्याहत्तर होता.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा," मी म्हणालो. "चौऱ्याहत्तर."

मागे मामींच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"शाब्बास," मामा म्हणाले. "बिघाडाला लाल झाला. सिग्नल चालतोय."

मग मी नवा आकडा दिला. त्यांनी तो दोनदा म्हटला.