आलोच, दार उघडं ठेव

एकदा केलेलं काम दुसऱ्यांदा करायची वेळ आली की बटनवाल्या अण्णांच्या कपाळाला आठी पडायची. तिसऱ्यांदा आली की ते त्या कामाचं बटन करून टाकत. नळदुर्गच्या आमच्या कॉलेजात ते हेडक्लार्क होते आणि मी भूगोल शिकवते. त्यांच्या टेबलासमोरून गेलं की हमखास एकच दृश्य दिसे: डाव्या हातात भाकरीचा तुकडा, उजवा हात माऊसवर, आणि पडद्यावर एखाद्या अर्जाच्या खाली नुकताच उमटलेला रंगीत चौकोन. त्या चौकोनावर बोट पडलं की भलतीकडेच काहीतरी घडायचं. रजेचा अर्ज भरून खालचं बटन दाबलं की अर्ज प्राचार्यांच्या मेलवर, तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरवर, आणि 'अमुक बाई आज येणार नाहीत' हा निरोप स्टाफच्या ग्रुपवर. हे सगळं पापणी लवायच्या आत.

मला या बटनांचा मनापासून राग होता. रजा मागायची म्हणजे प्राचार्यांच्या दाराशी जरा वेळ तोंड पाडून उभं राहायचं, ते "काय झालं बाई?" म्हणणार, मग आपण घरचं रडगाणं गाणार. यातच निम्मं दुखणं बरं होतं. अण्णांनी ती सोयच काढून घेतली. मी तसं बोलून दाखवलं तर ते हसले. "बाई, माणूस जाग्यावर नसला तरी काम अडायला न्हाय पायजे," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कॉलेजात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस नव्हता.

त्यांचं दुसरं वाक्य उत्तराबद्दल होतं. अण्णांचं कुठलंही बटन मुकाट्यानं काम करत नसे. दाबणाऱ्याला लगेच उलट निरोप यायचा, आणि तोही सरकारी भाषेत नाही, अण्णांच्या तोंडच्या भाषेत. 'अर्ज पोचला, फिकीर करू नका.' 'चहा सांगितला, दम धरा.' मी विचारलं, एवढा पाल्हाळ कशाला? तर म्हणाले, "उत्तर आल्याबिगर माणसाला दम निघत न्हाय. पोचलं का न्हाय, पोचलं का न्हाय, ह्यातच जीव जातो त्याचा."

एकदा प्राचार्यांनी चष्मा पुसता पुसता सुट्टीच्या सूचनेचं बटन दाबलं. ऐन तासिकेच्या वेळी सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर सुट्टी जाहीर झाली आणि क्षणात कॉलेज ओस पडलं. जळकोट, तुळजापूर, कुठकुठची पोरं एसटी स्टँडवर जाऊन उभी. प्राचार्य अण्णांवर उखडले. अण्णांनी ऐकून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक बटनाच्या पुढं एक प्रश्न आणून बसवला: 'नक्की का?' त्यानंतर चहा मागवायचा तरी आधी 'नक्की का' ला 'हो' म्हणावं लागे. आम्ही बरेच दिवस एकमेकांना भेटलो की नमस्काराऐवजी 'नक्की का' म्हणत होतो.

अण्णांचं घर जळकोटला, हायवेला लागूनच. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीच्या पुढं थोडी मोकळी जागा आणि लगेच डांबरी रस्ता. सोलापूर-हैदराबादचे ट्रक दिवसभर धडधडत जायचे. घरात ते आणि वहिनी, दोघंच. मुलगी रेखा लातूरला दिलेली. वहिनींनी गावात पुष्कळ वर्षं अंगणवाडी चालवली होती. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला भूगोलाची बाई म्हणून त्यांनी इतके प्रश्न विचारले की मला घाम फुटला.

त्याच वहिनी मग विसरायला लागल्या. आधी दूध गॅसवर, मग नळ चालू, मग शेजारणीचं नाव. सोलापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हा वाढतच जाणार, हेही सांगितलं. रेखा म्हणाली, आईला लातूरला नेते. वहिनींनी नुसती मान हलवून नाही म्हटलं. त्यांना ते घर सोडायचं नव्हतं आणि अण्णांना वहिनींना सोडायचं नव्हतं. नोकरी अजून बाकी होती. दुपारी शेजारीण येऊन जेवायला वाढायची, पण सकाळ आणि दुपार यांच्यामधला वेळ तसाच उघडा पडायचा. म्हणून अण्णांनी एक टॅब आणला, देवघराच्या बाजूला भिंतीवर पक्का बसवला आणि त्यात एकच पान उघडून ठेवलं. पानावर तीन बटनं. पिवळं, 'गोळी घेतली'. हिरवं, 'जेवले'. आणि लाल.

लाल बटनावर त्यांनी आधी 'मदत हवी' असं लिहिलं होतं. वहिनी ते दाबेनात. अण्णांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मदत कशाला? म्या काय पडले का? मला नुसतं भ्या वाटतंय." अण्णांनी तिथंच उभ्यानं अक्षरं खोडली आणि 'भ्या वाटतंय' असं लिहिलं. त्यानंतर वहिनी दाबायला लागल्या.

ते दाबलं की अण्णांच्या फोनवर मोठ्यानं घंटी वाजायची. प्राचार्यांना त्यांचा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज आपोआप जायचा आणि ऑफिसच्या कॅलेंडरवर त्यांच्या नावापुढं 'बाहेर' असं यायचं. इकडं टॅबच्या पडद्यावर हाताएवढ्या अक्षरांत उमटायचं: 'आलोच. दार उघडं ठेव.' दाराचं कारण असं की भीती वाटली की वहिनी आतून कडी लावून घ्यायच्या आणि मग अण्णा बाहेर हाका मारत राहायचे. अक्षरं मात्र वहिनी अजून बिनचूक वाचत होत्या आणि लिहिलेलं ऐकत होत्या. 'दार उघडं ठेव' वाचलं की त्या उठून कडी काढायच्या आणि उंबऱ्यावर बसून राहायच्या. तोवर अण्णांची मोटरसायकल नळदुर्गहून निघालेली असायची.

"अण्णा, तुम्ही निरोप वाचायच्या आधीच तुमचं उत्तर जातं कसं?" मी एकदा विचारलं. मला ते पटत नव्हतं.

"वाचून म्या काय येगळं सांगणार हाय?" ते म्हणाले. "येणारच हाय की."

"आणि याच्यापुढं 'नक्की का' नाही लावलं ते?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "भ्यालेल्या माणसाला नक्की का म्हणून इचारायचं का, बाई?"

त्याच दिवशी त्यांनी दुसरा निरोप माझ्या फोनवर जोडला. म्हणजे त्यांचा फोन बंद असला, ते मीटिंगमध्ये असले, तर मला कळावं. पानाची किल्ली, म्हणजे पासवर्डही दिला, काही बिघडलं तर मी दुरुस्त करावं म्हणून. मी म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत नाही. ते म्हणाले, "कळंल. म्या हाय की सांगायला."

प्राचार्यांच्या मेलमध्ये अर्ध्या रजांचा ढीग पडायला लागला. "तुमच्या मंडळीच माझ्याकडं रजा मागतात," असं ते अण्णांना म्हणत आणि मंजूर करत. पिवळं आणि हिरवं बटन हळूहळू बंद पडलं. गोळी म्हणजे काय आणि जेवण कधीचं, हे वहिनींच्या ध्यानातून गेलं. लाल तेवढं उरलं. अण्णा सकाळी येत, घंटी वाजली की जात, परत येत, पुन्हा जात. त्या वर्षात ते सुकले. शर्टाची कॉलर मानेपासून सुटली. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणालाच काही करता येत नव्हतं.

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते आणि ऊन रणरणत होतं. अण्णा टेबलाशी बसल्या बसल्या छाती धरून वाकले. प्राचार्यांच्या गाडीत घातलं आणि आम्ही सोलापूरच्या रस्त्याला लागलो. मी मागं बसले होते, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर आणि त्यांचा फोन माझ्या हातात. गाडी जळकोटकडं पाठ करून धावत होती. तेवढ्यात फोनची घंटी वाजली. पाठोपाठ माझ्या पर्समधली.

अण्णांनी डोळे उघडले. "तिचा हाय?"

मी खोटं बोलणार होते. जमलं नाही. "हो," म्हटलं.

त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी खांद्याला धरून ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "उत्तर गेलं न्हवं?"

"गेलं अण्णा."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि डोळे मिटले. दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं होतं. त्याच वेळी तिकडं जळकोटला वहिनी दार उघडून उंबऱ्यावर बसल्या होत्या. शेजारणीनं नंतर सांगितलं.

मातीला सगळा गाव आला. वहिनींनी पाहिलं, त्यांना कळलं, त्या धाय मोकलून रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रेखाला विचारलं, "तुझे अण्णा ड्युटीवर गेले का?" रेखानं सांगितलं. वहिनी पुन्हा तशाच कोसळल्या, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या. संध्याकाळी पुन्हा विचारलं. रेखानं पुन्हा सांगितलं. त्यानंतर मात्र कुणाचीच सांगायची छाती झाली नाही. एकाच बाईला रोज नव्यानं विधवा कोण करणार?

वहिनी लाल बटन दाबत राहिल्या. पडद्यावर 'आलोच' येत राहिलं. त्या कडी काढून बसत राहिल्या, आणि समोरून ट्रक जात राहिले. एक दिवस प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि संगणक माझ्याकडं फिरवला. अण्णांच्या नावानं अर्ध्या रजेचे अर्ज ओळीनं येऊन पडले होते. "बाई, मंजूर करू का नामंजूर?" त्यांनी विचारलं. ते हसत नव्हते. मी बाहेर आले आणि स्टाफरूममध्ये जाऊन रडले.

किल्ली माझ्याकडं होती. रेखा म्हणाली, "बाई, ते आलोच काढून टाका. माझ्यानं बघवत न्हाय." मी पान उघडलं आणि ते वाक्य पुसलं. बटन दाबल्यावर आता काहीच येणार नव्हतं. त्या दिवशी माझा फोन थांबेना. वहिनी दाबत होत्या, बघत होत्या, पुन्हा दाबत होत्या. मग एकदम शांत झालं. रेखा मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. उत्तर येत नाही म्हणून वहिनी स्वतःच अण्णांना शोधायला निघाल्या होत्या, आणि शेजारणीनं त्यांना हायवेच्या मधोमध धरलं. रेखाचा फोन आला आणि मी ते वाक्य परत लिहिलं.

मग मी हुशारी केली. 'आलोच' च्या जागी लिहिलं, 'बाई येत आहेत. दार उघडं ठेवा.' आणि घंटी वाजल्याबरोबर रिक्षानं निघाले. पोचले तर दाराला आतून कडी, रेखा बाजारात गेलेली. खिडकीतून वहिनी माझ्याकडं बघत होत्या.

"वहिनी, मी आले. भूगोलाची बाई."

"तुमी कोण?" त्या म्हणाल्या. "माझं मालक घरी न्हाईत. ते आल्यावर या."

परत येताना त्या रिक्षात मला अण्णांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. माणूस जाग्यावर नसला तरी काम अडत नाही म्हणे. अडायला हवं होतं, अण्णा. तुम्ही गेलात त्या घटकेला ते मेलं बटनही बंद पडायला हवं होतं. घरी येऊन मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं जागेवर ठेवलं, अक्षरांचा आकारसुद्धा तोच.

आता रेखानं वहिनींना लातूरला नेलंय. टॅबही नेला. मध्ये तिनं तो कपाटात लपवून पाहिला, तर वहिनी घरभर भिंती चाचपत फिरल्या. शेवटी तिनं तो हॉलच्या भिंतीवर लावला. तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे, दाराला कुलूप असतं. "आई दाराशी बसती बाई," ती फोनवर सांगते. "म्हणती, कडी काढ, अण्णांनी उघडं ठेव म्हणून लिवलंय. काय करू?" मी काय सांगणार? मी म्हणते, बघू, होईल काहीतरी. काही होणार नाही हे तिलाही माहीत आहे, मलाही.

अण्णांचा नंबर बंद झाला. आता घंटी एकट्या माझ्या फोनवर वाजते. आज तासाला मी पोरांना वाऱ्यांच्या दिशा शिकवत होते तेव्हा वाजली. 'भ्या वाटतंय.' मी सवयीनं खडू खाली ठेवला, पर्स उचलली, दारापर्यंत गेले. मग आठवलं की जळकोटच्या घराला कुलूप आहे. पोरं माझ्याकडं बघत होती. मी परत फळ्याशी आले. तोवर तिकडं पडद्यावर अक्षरं उमटली असतील, वहिनींनी ती एकेक करून वाचली असतील, आणि त्या उठून दाराशी जाऊन बसल्या असतील.